क्लच पेडल सेट करताना फ्री प्ले का सोडायचा? (एमएक्स-५ आणि इतर मॅन्युअल गाड्या)

घाटमाथा (डर्बी, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

जुनी मॅन्युअल स्पोर्ट्‌स कार घेतली की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो: क्लच फार वर पकडतोय, किंवा पार जमिनीलगत पकडतोय, पेडल कसं सेट करू? मला निरोपातून हे इतक्यांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहितो. उदाहरण माझदा एमएक्स-५ चं घेतो. ब्रिटनमध्ये बेताच्या पैशात मिळणारी ही दोन सीटची गाडी आहे आणि माझ्याकडे तिची दुसरी पिढी आहे, १९९८ ते २००५ मधली, जिला सगळे एनबी म्हणतात. १९८९ पासूनच्या पहिल्या पिढीलाही, म्हणजे एनएला, यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी मुद्दा सांगतो. पुशरॉड, म्हणजे पेडलमागचा आट्यांचा दांडा, फिरवला की पकड, म्हणजे पेडलच्या ज्या जागी क्लच धरायला लागतो ती, खालीवर होते हे खरं आहे. पण तो रॉड फिरता ठेवलाय तो पेडलला थोडा फ्री प्ले, म्हणजे काहीही न ढकलणारी मोकळी चाल, राहावा म्हणून. पकड मनासारखी करायच्या नादात हा फ्री प्ले खाऊन टाकला, तर धडधाकट क्लच जळतो.

कारण मास्टर सिलिंडरच्या आत आहे. पेडल पुशरॉडला ढकलतं, रॉड मास्टरचा पिस्टन ढकलतो, ब्रेक ऑइल पाइपातून आणि शेवटच्या रबरी होजमधून गिअरबॉक्सच्या बाजूला बोल्ट केलेल्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातं. स्लेव्ह फोर्क ढकलतो, रिलीज बेअरिंग डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्या दाबतं, प्रेशर प्लेट उठते आणि क्लच सुटतो. हे सगळ्यांना माहीत असतं. लक्षात राहत नाही ते मास्टरमधलं एक बारीक भोक. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडं पडतं आणि पाइपातलं ऑइल वरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीला जोडलं जातं. इंजिनच्या उष्णतेने ऑइल फुगलं तर त्याच वाटेने वर जातं. क्लच प्लेट झिजली की पाकळ्या स्लेव्हच्या पिस्टनला मागे रेटतात, ते जास्तीचं ऑइलही तिथूनच परत जातं. हायड्रॉलिक क्लच स्वतःच ॲडजस्ट होतो असं आपण म्हणतो ते या भोकामुळे.

आता रॉड लांब करून पिस्टनला कायमचा थोडा पुढे दाबून ठेवला तर भोक बंद. थंड असताना काही कळत नाही. गाडी तापली की ऑइल फुगतं, जायला वाट नाही, स्लेव्ह आपोआप पुढे सरकतो. पायही न लावता क्लच अर्धा दाबलेला.

हे प्रत्यक्ष पाहिलंय. नॉटिंगहॅमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने २००१ ची १.८ लिटरची एनबी घेतली. घरातून निघाली की मस्त. शेफिल्डकडून स्नेक पासचा चढ लागला की पाचव्या गिअरमध्ये आरपीएम वर जायचे आणि वेग तिथेच. एका गॅरेजने सांगितलं की गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच किट बदलावं लागेल. मी त्यांना म्हटलं, किटची ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट करून पाहू. गाडी तापवून स्लिप व्हायला लागल्यावर सपाट जागी बंद केली, चाकांना अडण लावली, स्टँडवर घेतली, स्लेव्हच्या निपलवर (हवा काढायच्या छोट्या स्क्रूवर) पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडली आणि निपल पाव फेरा सैल केला. पेडलला कोणाचाही पाय नव्हता, तरी ऑइलची चिळकांडी नळीतून बाटलीत गेली. निपल बंद करून गाडी रस्त्यावर नेली, तर पाचव्यात व्यवस्थित ओढत होती. पुन्हा तापेपर्यंत. मग वर जाऊन पुशरॉड पाहिला: पेडलला अजिबात प्ले नव्हता, रॉड जागी धरणाऱ्या लॉकनटवर ताज्या पान्याच्या खुणा. आधीच्या मालकाला पकड वर हवी होती, एवढंच. रॉड मागे घेतला. क्लच तोच आहे, आजही चालतोय.

आता कृती. सीट पूर्ण मागे सारा, डोकं पेडलांखाली, पाय सीटच्या पाठीवर, छातीवर टॉर्च. अवघडल्यासारखं होतं, पण दुसरी वाट नाही. आधी पेडलची उंची. पेडल वर येऊन ज्या स्टॉपला किंवा स्विचला टेकतं, त्यावरून ती ठरते. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये उंचीचा आणि फ्री प्लेचा आकडा असतो, तोच धरा, दुसऱ्या गाडीचा नको. उंची बदलली की पुशरॉड पुन्हा तपासावाच लागतो, म्हणून क्रम उलटा करू नका.

मग फ्री प्ले. पाय वापरू नका, पायाला हे कळत नाही. दोन बोटांनी पेडल हलकं दाबा. आधी पिनचा आणि रॉडचा ढिलेपणा जाणवतो, काहीच जोर लागत नाही. मग पिस्टनला टेकल्याचं समजतं. ती मोकळी चाल म्हणजे फ्री प्ले. लॉकनट सैल करा, रॉड अर्धा फेराच फिरवा, पुन्हा बोटांनी पाहा. आट्यांची पिच सव्वा मिलिमीटर असेल आणि पेडलचं तरफेचं गुणोत्तर पाच-सहा पट, तर अख्ख्या फेऱ्याला पेडल सहा-सात मिलिमीटरने बदलतं. म्हणून अर्धा फेरा. झालं की लॉकनट नीट आवळा, सैल राहिला तर रॉड चालता चालता फिरतो.

शेवटची खात्री: टाकीचं झाकण काढून पाहा (तोंड लांब ठेवा, ब्रेक ऑइल डोळ्यांत जाऊ देऊ नका) आणि कोणाला तरी पेडल हळू दाबायला सांगा. दाबण्याच्या अगदी सुरुवातीला टाकीत हलकी खळबळ दिसली तर भोक उघडं आहे. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

---

निळी_एनबी (लेस्टर)

दादा, फार उपयोगी धागा. माझा प्रश्न उलट आहे. माझी एनबी अगदी तळाला पकडते. सकाळी पहिला गिअर जोर लावून टाकावा लागतो, रिव्हर्सला करकर होते. दोनदा पंप मारला की बरं वाटतं. रॉड एक-दोन फेरे लांब केला तर चालेल ना?

---

घाटमाथा

रॉडला हात लावू नका. पंप मारल्यावर फरक पडतो म्हणजे सिस्टिममध्ये हवा आहे किंवा कुठून तरी ऑइल निसटतंय. रॉड लांब केला तर चार दिवस बरं वाटेल, मग पुन्हा तेच आणि वर भोकही बंद. एनए-एनबीमध्ये स्लेव्ह जाणं हा नेहमीचा आजार आहे. गाडी सुरक्षित उचलून स्लेव्हचं रबरी बूट थोडं मागे ओढून पाहा. आत कोरडं हवं. ओलं किंवा काळं ऑइल दिसलं तर सील गेलं. टाकीतलं ऑइल काळं पडलंय का तेही सांगा.

---

चाकणकर (पुणे)

मी ट्रान्समिशनच्या कामात आहे, म्हणून आकड्यांची थोडी भर घालते.

पेडल एवढं लांब चालतं, पण प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरते. क्लच प्लेटच्या प्रत्येक बाजूला मोकळी जागा त्याहून कमी. सगळी तरफ आणि हायड्रॉलिक याच कामासाठी आहेत: लांब चाल, कमी जोर देऊन छोटी चाल, प्रचंड जोर मिळवायचा. समजा मास्टरचा व्यास १५.८७ मिलिमीटर (५/८ इंच) आणि स्लेव्हचा १९.०५ (३/४ इंच). क्षेत्रफळाचं गुणोत्तर १.४४ येतं. मास्टर २५ मिलिमीटर चालला तर स्लेव्ह साधारण १७. आता हवेच्या बुडबुड्यांमुळे किंवा फुगणाऱ्या जुन्या होजमुळे मास्टरचे चार-पाच मिलिमीटर वाया गेले, तर स्लेव्हवर तीनेक कमी पडतात. प्लेट सुटायला जे थोडंसं अंतर लागतं तेच नेमकं यात जातं. म्हणून थोड्याशा हवेने गिअर पडेनासे होतात आणि पेडल मात्र पायाला फारसं वेगळं लागत नाही.

आणखी एक. क्लच जुना होतो तशी पकड हळूहळू वर सरकते, कारण प्लेट पातळ झाली की पाकळ्यांचा कोन बदलतो. म्हणजे खूप वर पकडणारा क्लच बहुतेक वेळा झिजलेला असतो आणि खाली पकडणाऱ्याचा दोष बहुतेक वेळा हायड्रॉलिकमध्ये असतो. हा नियम सगळीकडे लागत नाही. काही आधुनिक प्रेशर प्लेटमध्ये झीज भरून काढणारी रिंग असते, त्यात पकड आयुष्यभर जवळपास जागच्या जागी राहते. तिथे पेडलवरून क्लचचं वय सांगता येत नाही.

---

पानापक्कड (कोल्हापूर)

ताईंनी झकास सांगितलं. आमच्या गॅरेजात केबलच्या गाड्याही येतात, मारुती ८०० वगैरे. तिथं गणित वेगळं, हे नव्या पोरांनी ध्यानात ठेवा. केबलमध्ये झीज आपोआप भरून निघत नाही. प्लेट झिजंल तसा प्ले कमी होतो, शेवटी संपतो आणि मग बेअरिंग पाकळ्यांवर घासत राहतं. म्हणून केबलची गाडी ठराविक काळानं सैल करून द्यावीच लागते. हायड्रॉलिकमध्ये एकदा बरोबर बसवला की नटाला सहसा हात लावायचं काम नाही. हायड्रॉलिक गाडीचा प्ले आपोआप बदलला तर काही तरी बिघडलंय असं समजा.

आणि एक साधी गोष्ट, हसू नका. क्लच सुटत नाही म्हणून गाडी येते, आम्ही पयल्यांदा मॅट बघतो. कंपनीच्या मॅटवर जाड रबरी मॅट, तिच्यावर अजून एक. पेडल तळाला टेकतच नाही, दोन सेंटिमीटर आधीच अडतं. मॅट काढली की गिअर लोण्यासारखा पडतो.

पिनचं भोकही बघा. रॉडचा क्लेव्हिस (टोकाचा दुबेळका तुकडा) पेडलला ज्या पिनेनं जोडलाय, ते भोक जुन्या गाडीत लांबट होतं. तिथला ढिलेपणा फ्री प्लेसारखाच वाटतो, पण ती चाल फुकट जाते. पिन आणि बुश बदला, मग सेटिंग करा.

---

न्यूजर्सीकर

माझी होंडा एस२०००. इकडे अमेरिकेत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गाडी स्टार्ट होत नाही, खाली त्यासाठी स्विच असतो. वर दुसरा, क्रूझ कंट्रोल सोडवणारा. पेडलची उंची बदलली की दोन्ही तपासा. उंची बदलल्यावर स्टार्टरच फिरत नाही म्हणून बॅटरी बदललेले लोक पाहिलेत.

एस२००० वाल्यांसाठी: पेडल दाबताना चरचर, कंप किंवा अडखळल्यासारखं वाटलं तर सेटिंग करू नका. स्लेव्हचा रॉड फोर्कला जिथे टेकतो तिथलं ग्रीस सुकलेलं असतं. होंडाचं युरिया ग्रीस त्यासाठीच मिळतं. स्लेव्ह सोडवायचा, रॉडचं टोक आणि फोर्कची खळगी पुसायची, ग्रीस लावून परत. पेडल ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

---

टेपटू (बंगळूर)

थोडा वेगळा मुद्दा. ट्रॅकवर मला लांब पेडल नको असतं. पकड वर, चाल छोटी, पटकन गिअर. वर सगळे फ्री प्ले सोडा म्हणतायत, पण रेसिंगमध्ये लोक तो कमी करतातच की.

---

घाटमाथा

कमी करणं आणि शून्य करणं यात फरक आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला नेऊन ठेवलात तर काही बिघडत नाही. तुम्हाला जे हवंय ते मात्र वरून मिळवण्यापेक्षा खालून मिळवा. पकडीनंतरही पेडल बरंच खाली जातं, ती चाल बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त असते. पेडलखाली रबरी स्टॉप बसवला तर पाय तिथेच थांबतो. पिस्टनला, भोकाला कसलाच त्रास नाही, शिवाय पाकळ्या उगाच जास्त दाबल्या जात नाहीत. फक्त स्टॉप बसवताना क्लच पूर्ण सुटल्यावर पुढे थोडी चाल शिल्लक ठेवा आणि ती गाडी खूप तापलेली असताना तपासा. थंड गाडीत बसवलेला काटेकोर स्टॉप तापल्यावर गिअर अडवतो, आणि त्याची किंमत सिंक्रो (गिअर जुळताना त्यांचा वेग सारखा करणाऱ्या रिंगा) देतात.

---

टेपटू

हे पटलं. माझी गाडी बीएमडब्ल्यू आहे, त्यात क्लच डिले व्हॉल्व्हही असतो ना?

---

चाकणकर

हो, त्यांच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत लाइनमध्ये असतो. ऑइल परत येण्याची वाट तो अरुंद करतो, त्यामुळे पाय झटकन सोडला तरी क्लच हळूच पकडतो. गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला धक्का बसू नये हा हेतू. पण पाय आणि क्लच यांच्यात अंतर पडतं आणि पकड नक्की कुठे आहे हे कळेनासं होतं. लोक तो काढून टाकतात, मग पेडल पायाशी प्रामाणिक राहतं. मात्र ते काढल्यावर पायाची शिस्त तुमची तुम्हालाच सांभाळावी लागते. आणि पेडल सेट करून हा दोष जाणार नाही, हे आधी समजून घ्या.

---

सावंतवाडीकर

माझी उंची पाच फूट आहे, मुलाकडे मँचेस्टरला आले की त्याची एमएक्स-५ चालवते. पेडल तळापर्यंत नेताना पाय पूर्ण ताणला जातो. सीट पुढे घेतली तर स्टिअरिंग छातीशी. पेडल वर घेऊन फायदा होईल का?

---

घाटमाथा

काकू, पेडलची उंची वाढवून उपयोग नाही. तळ तिथेच राहतो, फक्त पाय आणखी वरून सुरू करावा लागतो. तुम्हाला त्रास तळाशी होतोय. गाडी कोणत्या वर्षाची आहे? स्टिअरिंग मागे-पुढे करण्याची सोय एमएक्स-५ मध्ये २०१९ च्या मॉडेलपासून आली, त्याआधीच्या गाडीत सीटवरच भागवावं लागतं. सीटची पाठ आधी सरळ करा, पाठीमागे घट्ट उशी ठेवा आणि क्लच पूर्ण दाबलेला असताना गुडघा थोडा वाकलेला राहतोय का पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर पेडलच्या पॅडवर जाड पॅड बोल्टने पक्का बसवून घ्या, नुसता चिकटवलेला नको. छाती आणि एअरबॅगमध्ये किमान पंचवीस सेंटिमीटर (दहा इंच) अंतर राहिलंच पाहिजे, ते पेडलपेक्षा महत्त्वाचं.

---

निळी_एनबी

दादा, पाहिलं. बूट मागे ओढताच काळं ऑइल हातावर आलं. टाकीतलंही काळं. स्लेव्ह मागवलाय. आणखी काय घेऊ?

---

घाटमाथा

होजही घ्या, स्लेव्हला जोडणारी रबरी. त्याच वयाची असेल. स्टीलच्या जाळीची घेतलीत तर फुगत नाही आणि पकड रोज एकाच जागी राहते. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, बंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून अर्धवट वापरून ठेवलेला जुना डबा नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

मास्टरची खालची बाजूही पाहा, आत पेडलांकडे ओल आहे का. नवा स्लेव्ह लागला की पुन्हा पूर्ण दाब तयार होतो आणि म्हातारा मास्टर काही आठवड्यांत गळायला लागतो, हे बऱ्याचदा होतं. हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, छोटी आहे, पटकन संपते.

---

पानापक्कड

हवा काढताना पेडल खाली पडून राहिलं, परत वर आलं नाही तर घाबरू नका. हातानं वर ओढा. दोन-चार वेळा असं होतं, मग धरतं.

---

निळी_एनबी

स्लेव्ह, होज, ऑइल तिन्ही बदललं. पेडल हातानेच वर ओढावं लागत होतं, पानापक्कड म्हणाले तसं. आता पकड मधोमध आली आहे, रिव्हर्स आवाज न करता पडतो. मास्टर कोरडा आहे. रॉडला हात लावलेला नाही. बोटांनी दाबून फ्री प्ले पाहिला, थोडा आहे, मॅन्युअलच्या मर्यादेत आहे.

एकच शंका: रिव्हर्स टाकताना क्लच दाबल्यावर लगेच टाकायचा की थांबायचं?

---

चाकणकर

दाबून दोन-तीन सेकंद थांबा. क्लच सुटला तरी आतले गिअर थोडा वेळ फिरत असतात. ज्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नाही तिथे ते थांबेपर्यंत करकर होणारच. थांबून टाकल्यावरही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, मग पुन्हा हवा काढा. इंजिन गरम असताना एकदा तपासा आणि इथे सांगा.